दहा हजारावा दगड

१

दादा दोनदा ठोकायचा. कीबोर्डवरचं स्पेसचं लांब बटण, अंगठ्याने. टक, टक. गेममधला त्याचा माणूस जागच्या जागी दोन उड्या मारायचा आणि आम्हाला दाराबाहेर कळायचं, आलो.

तोंडाने ओ द्यायचा नाही. माइक चालू असायचा. पलीकडे त्याच्या टोळीतले नऊ जण ऐकत असायचे. त्यांच्यासमोर ‘आलो गं आई’ म्हणायची त्याला लाज वाटायची. मग आईने हाक मारली की टक, टक, आणि पाच मिनिटांनी साहेब बाहेर. सात वर्षं हेच चाललं होतं. आई म्हणायची, “देवाने जीभ दिलीय आणि हा अंगठ्याने बोलतो.”

दादा गोदामात रात्रपाळीला होता, खोकी बांधायचं काम. सकाळी साडेआठला घरी यायचा, चहा प्यायचा आणि नऊला दार लावून बसायचा. दुपारी जेवून झोपायचा. मी टायरच्या दुकानात आहे. मी आठवीनंतर शाळा सोडली, त्यामुळे हे लिहिताना कुठे चुकलं तर चुकलं. पण जे झालं तसंच लिहितोय.

त्या दिवशी माझी सुट्टी होती. चहा पिताना दादा म्हणाला, “बरोबर नऊ हजार चारशे झाले. अजून सहाशे.”

“काय?”

“दगड, बाबा. दहा हजार फोडले की शेवटचं दार उघडतं. तीन वर्षं फोडतोय.”

“गोदामात खोकी, घरी दगड. तुला कुणी शाप दिलाय का?”

तो हसला. “दहा हजारावा तू फोड. टोळीत तसंच असतं. शेवटचा दगड स्वतः फोडायचा नाही, आपल्या माणसाने फोडायचा.”

“तुझ्या दगडांना आग लाव,” मी म्हणालो.

हे आमचं शेवटचं बोलणं.

२

साडेबाराला आई म्हणाली, बोलाव त्याला. मी दारापर्यंत गेलोच नाही. बाहेरच्या खोलीत आडवा पडून मोबाइल बघत होतो, तिथूनच ओरडलो, “दादा, जेवायला ये!”

टक, टक.

एक वाजता पुन्हा ओरडलो. टक, टक.

“येतोय म्हणतो,” मी आईला सांगितलं. आईने ताटं झाकून ठेवली.

दीड वाजता माझं डोकं फिरलं. उठलो आणि दाराला लाथ घातली. दाराला कडी नव्हतीच, ते सताड उघडून भिंतीवर आपटलं. दादा खुर्चीत होता, मान एका बाजूला. मी त्याच्या खांद्याला धरून हलवलं. तो गार होता. आत्ता गेलेला माणूस जसा असेल तसा नाही. गार.

त्याचे हात कीबोर्डवर नव्हते. दोन्ही हात मांडीवर होते, एकात एक घातलेले.

डॉक्टर आले. हृदय बंद पडलं म्हणाले, अकराच्या सुमारास, फार तर सव्वाअकरा. मी म्हणालो, “नाही, एक वाजता तो मला ओ देत होता.” त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पाठीवर हात ठेवला. मला तो हात झटकून टाकावासा वाटला. झटकला पण.

मग मी स्वतःलाच समजावलं. रोज ऐकायची सवय. हाक मारली की टकटक येणारच असं कानाला माहीत, म्हणून कानाने ती ऐकली. असं होतं माणसाचं.

पण मग मी उठून गेलो का नाही? टकटक ऐकली म्हणून. आणि टकटक झालीच नव्हती, तर मी उठलो नाही ते कशामुळे?

३

बारा दिवसांनी दादाच्या मोबाइलवर एका बाईचा फोन आला. दादाच्या टोळीतली. खेळात जखमा भरायचं काम तिच्याकडे, म्हणून सगळे तिला वैदूताई म्हणायचे. खऱ्या आयुष्यात ती डोळ्यांच्या दवाखान्यात चिठ्ठ्या फाडायला बसते. तिला काही माहीत नव्हतं. मी सांगितलं. ती बराच वेळ रडली. दादाला तिने कधी बघितलं नव्हतं आणि माझ्यापेक्षा जास्त रडली, म्हणून मला तिचा रागच आला.

शेवटी म्हणाली, “एक सांगू का? पंचवीस दिवस कुणी आत आलं नाही तर खाण नाव पुसते. त्याचे सगळे दगड शून्य होतील. तुला पासवर्ड माहीत असेल तर नुसता आत जाऊन ये.”

पासवर्ड मला माहीत होता. त्याची बोटं बघून मी तो कधीच पाठ केला होता.

संध्याकाळी दुकानातून आलो आणि त्याच्या खुर्चीत बसलो. त्याच्या माणसाचं नाव लोहार. खाणीत उभा होता, खांद्यावर कुदळ. वर कोपऱ्यात आकडा: ९,५८०.

एक दगड फोडायला दीड मिनिट लागतं. ते बदलत नाही, जोर लावून काही होत नाही. मी घड्याळ लावून बघितलं. म्हणजे तासाला चाळीस. दादा नऊला बसला नऊ हजार चारशेवर. अकरा वाजेपर्यंत फार तर ऐंशी व्हायला हवे होते. नऊ हजार चारशे ऐंशी.

एकशे ऐंशी झाले होते. साडेचार तासांचे. नऊ ते दीड.

मी बोटांवर पुन्हा मोजलं. मग टायरवर खुणा करायचा खडू खिशात होता, त्याने भिंतीवर मांडून बघितलं. तेच आलं.

डॉक्टर काही घड्याळ घेऊन बसले नव्हते. दादा चहा पिताना ठोकळ आकडा बोलला असेल. पण तो ‘बरोबर’ म्हणाला होता. मला आठवतं.

४

मी ठरवलं, उरलेले मी फोडायचे. चारशे वीस. हे तरी पुरं करायचं. त्याने तीन वर्षं घातली होती आणि मी म्हणालो होतो आग लाव.

त्या संध्याकाळी एक तास बसलो. ९,६२०. भिंतीवर खडूने लिहिलं आणि बंद केलं.

दुसऱ्या दिवशी उघडलं तर ९,८४०.

मला वाटलं, मीच चुकीचं लिहिलं. भिंतीवर स्पष्ट होतं, नऊ हजार सहाशे वीस. आई भाजी निवडत बाहेर बसली होती. मला म्हणाली, “दुपारी नीट जेवून घेत जा रे. मी हाक मारली तर नुसतं टकटक केलंस आणि आलाच नाहीस.”

“मी दुकानात होतो, आई.”

“सकाळपासून तर आत होतास.”

“मी दुकानात होतो. मालकाला फोन लाव, विचार.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग मान खाली घालून भाजी निवडू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, “मग मला भास झाला असेल.” पण तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. गेल्या तेरा दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला होता. ते मला जास्त लागलं.

५

उद्या बघतोच, असं म्हणून मी सकाळी निघताना तीन गोष्टी केल्या. आधी पासवर्ड बदलला. मग कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटली. आणि खडू चुरून त्याची भुकटी स्पेसच्या बटणावर पसरली, हलकी, फुंकर मारली तरी उडेल अशी.

दुकानात माझं लक्ष नव्हतं. एका गाडीचं चाक बसवलं आणि एक नट हातातच राहिला. मालक ओरडला, “तो नट काय खाणार आहेस? पुन्हा विसरलास तर तुझ्या डोक्यात बसवीन!” मग त्याला दादाचं आठवलं असावं, कारण स्वतःच चहा आणून दिला.

दुपारी दोनला राहवलं नाही. घरी आलो. आई दादाच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून जमिनीवर बसली होती, डोळे मिटून. मला बघून तिने ओठांवर बोट ठेवलं.

मी ऐकलं. काही नव्हतं. पंख्याचा आवाज होता, खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

“हाक मार,” आई हळूच म्हणाली.

“आई, ऊठ.”

“मार की हाक.”

“दादा,” मी म्हणालो.

टक, टक.

मी दार ढकललं. खुर्ची रिकामी. पडदा काळा. वायर जमिनीवर पडलेली, जशी टाकली तशी. दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं आणि त्यात बटणावरची भुकटी दिसत होती. एक कणही हलला नव्हता.

मला दादाचे हात आठवले. मांडीवर, एकात एक.

६

वायर लावली, सुरू केलं. नवा पासवर्ड टाकला. पडद्यावर ओळ आली: हे खातं आधीच वापरात आहे.

माझं स्वतःचं जुनं खातं होतं, दादाने हौसेने काढून दिलेलं. माझ्या माणसाचं नावही त्यानेच ठेवलं होतं, चिल्लर. मी दोन दिवस खेळून सोडून दिलं होतं. त्यातून आत गेलो. हेडफोन लावला आणि वैदूताईला बोलावलं. ती दवाखान्यातून मोबाइलवरूनच खेळात आली, दबक्या आवाजात.

“तू खाणीत जाऊ नकोस,” ती म्हणाली. “तुझा चिल्लर वाटेतच मरेल.”

चार वेळा मेला. वटवाघळांनीच मारलं. पाचव्यांदा पोचलो.

लोहार तिथे होता. दगड फोडत होता. कुदळ वर, कुदळ खाली. मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. त्याच्या गुडघ्याएवढा होतो. दादाचा माणूस मी नेहमी त्याच्या पाठीमागून बघितला होता, खुर्चीमागे उभा राहून. समोरून पहिल्यांदाच बघितला.

मी लिहिलं: तू कोण आहेस?

कुदळ वर, कुदळ खाली.

लिहिलं: चोरा, माझ्या भावाचं खातं सोड. शिव्याही लिहिल्या, इथे लिहीत नाही.

काही नाही.

लिहिलं: दादा.

लोहार थांबला. जागच्या जागी दोन उड्या मारल्या. पुन्हा फोडायला लागला.

“ताई, बघितलंस?”

“हो, मीही खाणीतच आहे, मागे. ऐक, कुणीतरी त्यावर प्रोग्रॅम लावलाय. ठरलेला शब्द आला की ठरलेली उडी. माणूस नाही रे तो. यंत्र आहे.”

मी लिहिलं: जेवायला ये.

दोन उड्या. कुदळ वर, कुदळ खाली.

किती वेळ लिहीत होतो कोण जाणे. दादा. जेवायला ये. दादा, ऊठ. आई वाट बघतेय. दर वेळी दोन उड्या. दर वेळी आलो. आणि येत नव्हता.

७

दुसऱ्या दिवशी त्याचा आकडा ९,९९९ झाला आणि लोहार थांबला.

मी संध्याकाळी आत गेलो तेव्हा तो शेवटच्या दगडासमोर उभा होता, कुदळ जमिनीला टेकवून. मागे ते मोठं दार, लोखंडी, बंद. वैदूताई आधीच येऊन बसली होती.

“दुपारपासून असाच आहे,” ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. “असं व्हायला नको. ज्याने प्रोग्रॅम लावला त्याला आपला रिवाज कसा माहीत?”

दहा हजारावा तू फोड. चहाचा कप हातात धरून तो बोलला होता आणि मी त्याच्याकडे बघितलंही नव्हतं.

“ताई, तू गेलीयस ना दारापलीकडे? काय आहे तिथे?”

“काय असायचं? एक राक्षस आहे. त्याला मारला की नवी यादी मिळते. आणखी दहा हजार दगड, वेगळ्या रंगाचे.” ती कसनुशी हसली. “शेवट शेवट म्हणतात आणि शेवटाला पुन्हा तेच असतं. आम्ही तर त्यासाठीच खेळतो.”

“मी फोडतो.”

“थांब. दोन दिवस थांब, टोळीतल्या सगळ्यांना बोलावते. अरे, निदान इथे उभा तरी आहे तो. हाक मारली तर उडी मारतो. पलीकडे गेला की दार बंद होतं, आपल्याला दिसणार पण नाही. ऐकतोयस का?”

मी ऐकलं. पण मी असाच आहे, लहानपणापासून. मला दोन दिवस थांबता येत नाही. मला वाटलं तो अडकलाय. माझ्यासाठी अडकलाय. एवढा एक दगड मी फोडला की तो सुटेल.

मी चिल्लरची छोटी कुदळ उचलली. दीड मिनिट.

दगड फुटला.

८

दार उघडलं. आवाज न करता, आतल्या बाजूला. लोहारने वळून माझ्याकडे बघितलं की नाही ते सांगता येणार नाही, त्या माणसांना डोळे नीट काढलेले नसतात. तो चालत आत गेला.

दार उघडं होतं तेवढ्यात मला आतलं दिसलं. राक्षस नव्हता. गुहाही नव्हती. एक खोली होती, लहान, आणि खोलीत ऊन होतं. मला पाठमोरी खुर्ची दिसली. खुर्चीत कुणीतरी होतं, मान एका बाजूला. पलीकडे खोलीचं दार, लावलेलं.

आणि हेडफोनमध्ये आवाज आला. वैदूताईचा नव्हे. लांबून, लाकडाच्या पलीकडून आल्यासारखा. माझाच.

“दादा, जेवायला ये!”

खुर्चीतल्या माणसाचा खांदा हलला. जरासा. उठायचंय आणि उठता येत नाही, तेवढा. मग टक, टक. आणि पलीकडून पुन्हा माझा आवाज, बेफिकीर, आळसावलेला. “येतोय म्हणतो.”

लोखंडी दार मिटलं.

“काय दिसलं?” वैदूताई विचारत होती. “मला नेहमीचा राक्षस दिसला. तुला काय दिसलं? अरे बोल ना.”

मी दारावर कुदळ मारत होतो. चिल्लरच्या कुदळीने त्या दाराला काही होत नाही. कोपऱ्यात माझा आकडा आला होता. शेवटचा दगड मी फोडला होता, तो माझ्या नावावर लागला.

१ / १०,०००.

९

आता लोहार कुठेच दिसत नाही. दादाचं खातं उघडायला गेलं तर तीच ओळ येते, आधीच वापरात आहे. घरात दुपारी टकटक होत नाही. आई दारापाशी बसते, हाक मारते, थांबते, उठून जाते. मी तिला सांगितलेलं नाही की तो आवाज मी बंद केला.

मी रोज बसतो. ताई म्हणते, “सोड रे, माझं ऐक, तिथे राक्षसच आहे.” पण मला आत जायचंय. ते लोखंडी दार उघडलं की पुढे ते दुसरं दार आहे, त्याला कडी नाही, मला माहीत आहे. नुसतं ढकलायचं. साडेबाराला ढकलायचं, दीडला नाही.

तासाला चाळीस. दुकान सुटल्यावर तीन तास मिळतात. हे मी दुकानात लिहितोय, जेवणाच्या सुट्टीत, मालकाच्या पावतीपुस्तकाच्या पाठीमागे. आज सकाळी माझा आकडा २,१६१ होता. काल मी बंद केला तेव्हा २,१४० होता.

आणखी एक लिहायचं राहिलं.

गेल्या आठवड्यात खेळताना आईने हाक मारली, “जेवायला ये.” मी ‘आलो’ म्हणायला तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. उठायला गेलो, पाय उठेनात. हात मांडीवर होते, एकात एक, ते तिथे कधी गेले कळलं नव्हतं. पडद्यावर चिल्लरने दोन उड्या मारल्या. टक, टक.

“बरं,” आई बाहेरून म्हणाली आणि तिची पावलं लांब गेली.

दहा मिनिटांनी मोकळा झालो. थकवा असेल. दिवसभर टायर उचलतो मी. पण दुसऱ्या दिवशी चहा पिताना आईचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं, “आई, हाक मारलीस आणि मी आलो नाही, तर सरळ दार ढकलायचं. टकटक आली तरी ढकलायचं. टकटक आली तर आधी ढकलायचं. कळलं?”

“हो रे बाबा.”

“शपथ घे.”

“घेतली. चहा पी.”

काल पुन्हा झालं. पाय गेले, आवाज गेला. बाहेर ताटं मांडल्याचा आवाज आला. आईने हाक मारली. टक, टक. मी मनात म्हणालो, ढकल. ती दारापर्यंत आली. दाराखालच्या फटीत तिच्या पावलांची सावली दिसली. ती तिथे उभी राहिली, बराच वेळ, आणि मला तिचा श्वास ऐकू येत होता.

मग तिने पुन्हा हाक मारली. पण या वेळी माझ्या नावाने नाही.

“दादा?” ती म्हणाली.

टक, टक.

ती रडत हसली. मी ऐकलं. सावली खाली बसली, चौकटीला पाठ टेकल्याचा आवाज आला, आणि दार तसंच लावलेलं राहिलं.